सीन नंबर एक्केचाळीस

निपाणीत वखारी आता थोड्याच उरल्यात.
त्यातली एक त्यांनी भाड्याने घेतली
दादांच्या आयुष्यासाठी,
सतरा दिवसांच्या बोलीवर.

सेट लावणाऱ्या पोराने विचारलं,
बहात्तर साली बाहेरची पाटी कुठल्या भाषेत होती?
आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.
मग म्हातारा भूपाल हमाल म्हणाला,
पाटी नव्हतीच. वासावरून कळत होतं.

दादा झालेला नट पुण्याचा. गुणी आहे.
दोन दिवस काट्याशेजारी बसून शिकला
वजनाच्या पावत्या फाडायला
आणि पावतीच्या पाठीवर गोष्ट लिहायला.
शिंक तेवढी काढून टाकली.
दर दोन ओळींना शिंकायचे दादा,
जर्दा नाकात, जर्दा शाईत,
अजून त्यांची वही उघडली की मला ठसका लागतो.
केयूर म्हणाला, ताई, लोक हसतील.
हसू देत की, म्हणायचं राहून गेलं.

सीन एक्केचाळीस. रात्र. कंदील. लेखक लिहितोय.
बायको दारात येते. म्हणते,
"तुम्ही लिहा. मी जागी आहे."

माझी आई निलव्वा, गोकाककडची.
मराठी तिला बाजारापुरती,
दादांचं एक अक्षर वाचलं नाही तिनं.
रोज भिंतीकडे तोंड करून म्हणायची,
साकु माड्री, निद्दी बरवल्दु.
पुरे करा, झोप येईना.
तीस वर्षं.
आणि दादा थांबायचे, वाक्य असेल तिथं.
त्यांच्या गोष्टी मधेच तुटतात
त्यावर कोल्हापुरात एकाने प्रबंध लिहिलाय.
खोली एकच होती
हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आज तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलंय.
बाहेर रणरणतं ऊन,
आत काळे पडदे ठोकून रात्र केलेली.
कंदील लागला. नट लिहू लागला,
खरंच काहीतरी लिहीत होता, नुसता हात हलवत नव्हता.
तिसरा टेक. चौथा. पाचव्याला
डोळ्यांवर पदर ओढून घेत
आई म्हणाली, साकु माड्री.

हळूच. पण माइकने धरलं.
नटाचा हात थांबला.
कानडी येत नाही त्याला, तरी थांबला,
शब्दाच्या पोटात.

केयूरने हेडफोन उतरवला:
काय म्हणाल्या आई?

आवडलं म्हणतेय,
मी सांगितलं.