फट

एप्रिल असून सॉडरटेल्येत बर्फ पडतोय.
उद्या पुनरुत्थानाचा सण.
बाबांनी जुन्या कॅलेंडरचे कोरे पाठकागद जोडून
मेणकापडावर चार रकाने आखलेत:
निळा, हिरवा, तांबडा,
चौथ्याला रंग उरला नाही, म्हणून शिसपेन्सिल.

बाया किती? निळ्यात दोन. हिरव्यात तीन.
तांबडा नावं घेत जातो आणि 'इतरही' म्हणून मोकळा होतो.
शिसपेन्सिलीत एकटीच, आणि अंधार.
हिरव्यात तर सूर्य वर आलेला.
देवदूत धोंडेवर बसलेला, की आत, उजव्या हाताला,
की दोघे, उभे, डोळे दिपवणारे?

बाबा एकतीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात
गिअरचे दाते मोजत होते.
केसभर चुकलं तरी माल परत.
सगळं बसतं, ते म्हणतात,
मोजणाऱ्याने घाई केली नाही तर.
'बघ, ही एकटी आहे, आणि बोलताना "आम्ही" म्हणते. आम्ही!'
त्या एका बहुवचनापासून ते रेघ ओढतात
थेट तांबड्या बायांपर्यंत.
टक्.
मलाही ऐकू येतं.

मग आत्या येतात, अंगावरचा बर्फ झटकत.
शमूनी, बाहिया, आणि सेदे, जी फारसं बोलत नाही.
कांद्याच्या सालींत उकडलेली अंडी, पातेल्यासकट.
मला खोडी सुचते:
आपण तूर अब्दीन सोडलं, ती पहाट कशी होती?

काळोख, शमूनी म्हणते. कंदील माझ्याच हातात.
कंदील कसला? उन्हं घंटेला लागली होती,
ती चमकली म्हणून तर मी मागे वळले, बाहिया.
खेचर एक. छे, दोन, एक लंगडं.
चावी विहिरीत टाकली.
चावी? ही काय माझ्या पर्समध्ये.
आणि खरंच एक चावी निघते.
कुठल्या दाराची, देव जाणे.

बघा बाबा, मी म्हणते, गाव तर सुटलंच ना?
खिडकीबाहेर हा एवढा पुरावा पडतोय.

बाबा पेन्सिल खाली ठेवतात.
'गाव कुणाचंही सुटतं, पोरी.
त्याला साक्षी लागत नाहीत.
मेलेला उठला म्हणायचं, तर—'
आणि पुढे काही नाही.
धाकटा काका तिथेच पुरलेला आहे, अक्रोडाखाली.
त्याचं नाव या घरात सणाला घेत नाहीत.

मी तरी हट्टाने:
दोन दात्यांत फट लागतेच, तुम्हीच सांगायचात,
तेलाला जागा हवी, नाहीतर चाक जाम.

'ती फट आम्ही ठरवून ठेवायचो,' बाबा म्हणतात.
'ही कोणी ठेवली?'

याला माझ्याकडे उत्तर नाही.
अंड्यांची वाफ चष्म्यावर.

हिरव्या रकान्याच्या तळाशी
बाया कबरेतून पळतात,
आणि भीतीपोटी कुणालाच काही बोलत नाहीत.
जुन्या प्रती तिथेच संपतात म्हणे.
खाली बाबांनी चार बोटं जागा कोरी सोडलीय.
कुणालाच बोलल्या नाहीत, तर आपल्याला कळलं कसं?
मी विचारते,
आणि बाबा माझ्याकडे न बघता सेदेआत्याकडे बघतात.

चाळीस वर्षांत तिने त्या पहाटेबद्दल
अवाक्षर काढलेलं नाही.
लंगड्या खेचराचा दोर तिच्या हातात होता,
यावर मात्र दोघी बहिणींचं एकमत.
(खेचर एकच होतं, असं शमूनी अजूनही पुटपुटते.)

खिडकी किलकिली आहे. कागद फडफडतो.
सेदेआत्या पातेल्यातलं एक अंडं उचलते
आणि दाबण म्हणून ठेवते
नेमकं त्या कोऱ्या जागेवर.
ओलं आहे. कागदावर
तपकिरी कडं उमटत जातं.

बाबा ते टिपत नाहीत.

चर्चची वेळ झाली.
दाराशी बुटांचा ढीग,
कुणाचा कुठला, कुणालाच सांगता येत नाही.