नवव्या प्रश्नावर खोडरबर

एका शब्दाला मराठीत आणताना
आम्ही तिघी सहा महिने भांडलो.
'खिन्न' म्हटलं की सातवी-ब एकमेकांकडे बघायची,
'उदास' फक्त गाण्यात असतं असं त्यांचं ठरलेलं.
येरवड्याची एक म्हणाली,
"पोटात लिफ्ट खाली जाते ना, तसं."
मला तेच घ्यायचं होतं. समिती नको म्हणाली,
लिफ्ट सगळ्यांकडे नसते. तेही खरंच.
शेवटी छापलं: मन लागत नाही.

पर्वतीच्या पायथ्याशी मनपाची शाळा, दुसरा मजला,
खेळाचं सामान ठेवायची खोली.
लेझमी, फुटका कॅरम, दहा मुलं आणि मी.
"मागच्या दोन आठवड्यांत तू किती समाधानी होतास?"
"मॅडम, मी समाधानच आहे. समाधान लोखंडे,
पट क्रमांक एकतीस."
सगळी हसली. मीही.
मग त्याने खालपर्यंत 'कधीच नाही'ला गोल केले, दोन मिनिटांत,
आणि विचारलं, ह्याचे मार्क वार्षिकला धरणार का.

कर्वे रोडच्या ऑफिसात निनाद नोंदी भरतो.
शून्य ते तीन. उत्तर नसेल तर नव्याण्णव.
"मॅडम, दोनशे चौदा, नववा प्रश्न. काय भरू?"
गोल शून्याला आहे.
पण तीनपाशी कागद पातळ झालाय.
खिडकीशी धरला तर दिसतं,
आधी तिथे गोल होता. खोडलाय.
परत केलाय. परत खोडलाय, जोर लावून,
कागदाला अजून स्ट्रॉबेरीचा वास येतोय.

नववा प्रश्न कुठला ते इथे लिहीत नाही.
तो विचारताना आवाज बदलू द्यायचा नाही
एवढं शिकायला मला अकरा वर्षं लागली.

निनाद थांबलाय, बोट शून्यावर.
त्याच्या यंत्राला शून्य चालतं, तीन चालतात,
खोडणं त्याच्या यादीत नाही.
यादी मीच केली होती.
नियमही माझाच: दोन किंवा तीन असेल
तर त्याच दिवशी मुलाला गाठायचं.
शून्यासाठी कुणी निघत नाही.

"चौकोन पिवळा करून ठेव," म्हटलं,
कपाटाचं कुलूप काढलं, नावांची वही,
वेळ लिहून सही: चार चाळीस.
दुपारची शाळा साडेपाचला सुटते
आणि दांडेकर पुलाचा सिग्नल
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तिचं नाव सांगणार नाही. दोनशे चौदाच म्हणा.
दप्तर पुढे घेतलेलं, पोटाशी, दोन्ही हातांनी.
व्हरांड्यात बसलो.
म्हटलं, तुझ्या खोडरबराला काय छान वास आहे गं.
ती खूप वेळ पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली.
"चूक झालेली माझी."
"कुठली? आधीची, का नंतरची?"

ती काही बोलली नाही.
मीही नाही. एवढं मात्र मला येतं.

मैदान रिकामं झालं. एका मुलाची बाटली
राहिली होती, ती न्यायला तो धावत आला आणि गेला.
ती म्हणाली, "तुम्हाला घरी जायचं नाहीये?"
"आज उशीर चालेल."
"चिडत नाही कोणी?"
"चिडतात."
तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात शिपाई घुमे काका
किल्ल्यांचा जुडगा वाजवत वर आले,
आम्हाला दोघींना बघितलं,
जुडगा मुठीत गच्च धरला,
आणि जिन्यात जाऊन बसले, पाठ करून,
जसं काही शाळेला आज
कुलूपच लावायचं नव्हतं.