दुष्फेन

माझी नोकरी थेंब मोजायची.
कोम शहर, विभाग चार, दिवसाला नऊ घरं.
नळाखाली बाटली, पन्नास मिली,
त्यात चिमूटभर काळी भुकटी
आणि पाण्याला असा रंग चढतो
ज्याचं खरं नाव या गावात मोठ्यानं घेत नाहीत.
मी "डाळिंबी" म्हणते. नोंदवहीतही तसंच.
मग वरून एकेक थेंब,
डाळिंबी विरून निळं होईपर्यंत.
जितके थेंब, तितकं पाणी जड.

बायकांना वाटतं मी जप करते. ओठ हलतात ना.

आकडा कुणालाच नको असतो.
"पिऊ की नको, तेवढं सांग."
पितात तर कुठे?
प्यायचं गोडं पाणी कोपऱ्यावरच्या दुकानातून,
कार्ड लावून, वीस लिटरचा कॅन, तो मुलाच्या पाठीवर.
नळाचं उरतं अंगाला, भांड्यांना, झाडांना,
आणि घाईत असेल तेव्हा चहाला.
साबण हातात फिरतो, फेस म्हणून येत नाही.
शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन म्हणायचे.
तेव्हा हसायचो आम्ही,
कुणा वाईट चालीच्या माणसाचं नाव वाटायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या नोसरतखानमनं
समोवारचं झाकण काढून दाखवलं.
आतून पांढरं, बोटभर जाड, खरखरीत.
"एकोणीस वर्षं," ती म्हणाली.
"धाकटीच्या साखरपुड्याचा चहा यात आहे.
दिराच्या चाळिसाव्याचाही.
खालचा थर कुणाचा, ते आता आठवत नाही."
रात्रभर व्हिनेगर घालून ठेवा, मी म्हटलं.
"ठेवलं होतं एकदा. सकाळी समोवार गळायला लागला.
भोक त्या चुन्यानंच बुजवलेलं होतं, बाई."

समोर साबेतीसाहेब. चणे कालपासून चुलीवर,
अजून दाताचं ऐकत नाहीत.
वजू केल्यावर त्यांचे हात पुसलेले नसतात,
वाळले की कोपरापासून मनगटापर्यंत
बारीक पांढरी रेघ राहते.
ते ती दाखवत नाहीत. मला दिसते.

मी निघाले की अर्ध्या तासात
त्याच दारावर बेहरूझ घंटी वाजवतो,
सहा नळकांड्यांचं यंत्र, बारा हप्ते,
आणि त्याच्या कागदावर माझाच आकडा.
दोन महिने लागले मला कळायला
पाणी कुठे मुरतंय.
मोहतदीसाहेब टेबलावरून म्हणाले,
"चार थेंब जास्त लिहिले तर कुणाच्या बापाचं जातं?
पाणी तर जड आहेच."
ते खरंही आहे. म्हणूनच उत्तर सुचेना.
पाणी जोखायला शिकले होते मी,
साहेब जोखायचं राहून गेलं.

नोसरतखानमच्या नावापुढे खरा आकडा लिहिला.
तरी बेहरूझ गेलाच. तरी तिनं यंत्र घेतलंच.
परवा जिन्यात भेटली.
"चहा आता काचेसारखा दिसतो," म्हणाली,
आणि चांगलं की वाईट ते न सांगता
पिशव्या घेऊन वर चढली.

रात्री आई निजल्यावर
स्वतःच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा बाटली भरली.
आठ वर्षांत या नळाखाली हात धुतले,
डाळिंबाचे दाणे धुतले, आईचे केस धुतले.
थेंब कधी मोजले नव्हते.
सत्तावीस. अठ्ठावीस. एकतीसला
आतून आई म्हणाली, "फरंगीस, नळ ठिबकतोय का गं?"
"नाही," म्हटलं. "मीच आहे."

वळून पाहिलं तर बाटली निळी झाली होती.
कितव्याला, ते निसटलं.
नोंदवहीतली ती ओळ रिकामी ठेवली,
बाटली ओतली, ओट्यावर उपडी घातली.
सकाळी तिच्या तोंडाखाली
पांढरं वर्तुळ होतं. नखानं खरवडलं,
अर्धं निघालं.