पांघरुणाखालचं खोकं

सुरुवातीला एटेल्का म्हणाली, मुंग्या आल्यात.
मी म्हणालो, पाय झटक.
त्याला तीन वर्षं झाली.
या मुंग्यांना वारूळ नाही, ऋतू नाही.
दिवसभर कुठेतरी दडतात
आणि मी दिवा मालवला की
रांगेनं निघतात, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत,
तोंडात एकेक निखारा घेऊन.

रात्री तिला चादरसुद्धा सोसेना.
तिच्या आईनं भरलेली चादर,
लाल-निळी फुलं, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
म्हणे, या फुलांना काटे आहेत.
मग मी कोठारातून टोमॅटोचं खोकं आणलं,
दोन फळ्या काढल्या, कडा घासल्या
आणि पांघरुणाच्या आत
तिच्या पावलांवर पालथं घातलं.
चाळीस वर्षं मी डॅन्यूबवर तर चालवली,
एवढी लहान होडी कधी बांधली नव्हती,
तीही उलटी.

औषधं सांगतो.
जीवनसत्त्वाची इंजेक्शनं : दंड दुखला, पाय तसेच.
रात्रीची पांढरी गोळी : आग जराशी निवली,
पण सकाळी ती मला लोरिंत्स म्हणायला लागली
(लोरिंत्स माझा भाऊ, जाऊन अकरा वर्षं झाली)
आणि सूपमध्ये मीठ दोनदा.
मग उदासीवरची गोळी.
"मी उदास नाही," तिनं औषधवाल्याला ठणकावलं,
"पायांना विचारा, ते असतील."
तरी घेतली. सहा आठवडे थांबा म्हणाले,
ती नऊ थांबली.
मार्गितनं हंसाची चरबी दिली, ती मांजरानं चाटली.
गरम झऱ्याच्या कुंडावर नेलं बसनं,
पाणी पोळतंय हे तिला कळलंच नाही,
मला कळलं, पावलं लाल झाल्यावर.

नसलेला विस्तव जाणवतो.
असलेला जाणवत नाही.
मी नदीवरचा माणूस, मला हे कोण समजावणार?

बायाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या.
लोखंडी चिमटा टेबलावर ठोकून
त्यांनी एटेल्काच्या अंगठ्यावर टेकवला.
"थरथर थांबली की सांगा."
"सुरू कुठे झाली?" एटेल्का म्हणाली.
मी पार खिडकीपाशी उभा होतो.
मला ऐकू येत होती.

शून्य ते दहा, किती दुखतं?
सात. सोमवारी आठ.
त्यांनी लिहून घेतलं, मग जरा चाचरत म्हणाल्या,
एक पट्टी असते, मिरचीच्या अर्काची.

एटेल्का इतकी हसली की खुर्ची सरकली.
पन्नास सप्टेंबर तिनं मिरच्या ओवल्या आहेत,
सहकारी संस्थेच्या, त्यातल्या तिखट जातीच्याही,
सुई, दोरा, ओसरीभर लाल माळा.
डोळ्याला हात लागला की
आख्ख्या गल्लीला कळायचं.
नर्सनं निळे हातमोजे चढवले.
"मुली, मी हे उघड्या हातांनी केलंय."

बाराव्या मिनिटाला तिनं माझं मनगट धरलं.
काट्यानं काटा काढतात हे ठाऊक होतं,
आगीला आग पाजतात
हे मी त्या दिवशी पाहिलं.
डॉक्टरीणबाई सांगत होत्या,
नसांची टोकं ओरडून ओरडून थकतात, गप्प बसतात,
काही महिने. मग परत फुटतात.
आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.
हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं,
त्यामुळे मला त्या आवडल्या.

आठव्या रात्री मी विचारलं, किती?
"चार."
चार म्हणजे कसं?
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
"शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय.
भांडत नाहीये. नुसतं बोलतंय."

काल तिनंच पायानं खोकं ढकललं.
चादर खाली आली, फुलांसकट,
आणि तिच्या पावलांवर टेकली.
आम्ही दोघंही हललो नाही.
मग मी अंधारात उठलो, खोकं उचललं,
कोठाराच्या दाराशी पोचेपर्यंत आतून हाक आली,
माझ्याच नावानं :

"देझ्यो, तिकडे नको नेऊस.
पलंगाखाली राहू दे.
मिरची पुन्हा पुन्हा लावावी लागते."