एकच खाका

ताना सरोवरातल्या त्या बेटावर बायकांना बंदी,
म्हणून आई अलीकडच्या काठावर थांबते, लव्हाळ्यात,
आणि मी होडी लावली की विचारते,
"आज काय रंगवलंस?"

मी सांगतो. गाभाऱ्याच्या उत्तर भिंतीवर एक पोर,
खांद्यावर स्वतःच्याच होमाची लाकडं.
पश्चिमेला एक माणूस,
खांद्यावर स्वतःचाच क्रूस.
अलेका मेर्शा म्हणाले, खाका एकच वापर,
पाठीचा बाक तोच राहू दे.
मी कागद उचलून पलीकडे लावला,
सुईच्या भोकांतून कोळशाची पूड थापटली,
पोर मोठं झालं.

एडका इथे शिंगांनी झाडात अडकलाय,
तिथे झाडच उतरलंय, काट्यांसकट, कपाळावर.
योनाचा मासा आणि दगड लोटलेली कबर,
आतला काळोख एकाच वाटीतला.
मोशेची पेटी लव्हाळ्याची.
ती रंगवताना मला हसू आलं:
ज्या पाण्यावर ती तरंगली
ते आमच्या इथूनच खाली गेलेलं,
आणि माझी होडीही तशीच बांधलेली.

भल्या माणसाला दोन डोळे काढायचे,
पाप्याला एकच, बाजूने. रीत आहे.
सुरी उगारलेल्या अब्राहामापाशी
माझा कुंचला थबकला.
अलेका खाली बसून सरस ढवळत होते.
"दोन," म्हणाले, बऱ्याच वेळाने.
"त्याला दिसत होतं."

आई ऐकते, एकीकडे लव्हाळा कापत.
"आणि त्याची आई?"
कुणाची?
"लाकडं वाहणाऱ्या पोराची."
ती नाही चित्रात. गाढवावर खोगीर चढलं
ते भल्या पहाटे. झोपली असेल.
"आणि दुसऱ्याची?"
ती आहे. क्रुसाखाली उभी. निळं पांघरूण.
आई विळा गवताला पुसते.
"म्हणजे पहिलीला कुणी उठवलं नाही,
म्हणून दुसरीला सगळं बघावं लागलं."

अदमासू सुदानच्या वाटेने गेला
त्याला हे चौथं वर्ष.
तोही पहाटेच निघाला.
चपला हातात घेऊन, कुत्र्याला चुचकारत.
मी जागा होतो.
पांघरुणातून मी त्याची पिशवी पाहिली,
दाराची कडी पाहिली,
आणि कूस बदलली.

आज सकाळी आई लव्हाळ्याचा भारा घेऊन
काठाकाठाने येताना दिसली.
पाठीचा बाक तोच.
खाका मी कुणावरून घेतला होता
ते मला तेव्हा कळलं.

उत्तर भिंतीचं थोडंच काम उरलंय.
डोंगराच्या पायथ्याशी गाढव,
आणि त्याच्याजवळ थांबवलेले ते दोन गडी,
खोगीर कसताना पहाटे जागे असलेले.
त्यांना डोळे किती काढायचे
हे मी अलेकांना अजून विचारलेलं नाही.