डावा दंड

ऑक्टोबर. हडर्सफील्ड. बसथांब्याशेजारची फार्मसी.
खुर्चीत बसून मी
कोट, स्वेटर, मग ब्लाउजची बाही
वर सरकवते.

"हा कसला वण?" पोरसवदा फार्मसिस्ट विचारतो.
देवीचा, म्हणते. शाळेत रांग लावून टोचली होती.
मी पळाले, तर बाईंनी
वेणी धरून परत आणलं.

तो हसतो. सुई कधी गेली, कळत नाही.

गेल्या वर्षी फ्लूच्या लशीचं पत्र आलं तेव्हा
डोरीन म्हणाली होती,
"बघू गं, पुढच्या आठवड्यात."
जानेवारीत तिच्या दारातल्या दुधाच्या बाटल्या
मीच उचलल्या.

दंडावर आता कापसाचा बोळा, चिकटपट्टी.
जुन्या वणापासून बोटभर अंतर,
त्यात पासष्ट वर्षं.

यंदा वेणी धरायला कुणी नव्हतं.
आपली आपण आले,
पावणेदहाच्या बसनं.