रकाना सतरा

वरून आलेला तक्ता मी भरते आहे.
बेचाळीस निर्देशक,
माणसाला न्याय किती मिळतो ते मोजायचे.

सतरावा रकाना: दुभाषी उपलब्ध आहे का? होय / नाही.
होय म्हणजे दादाजी कुळसंगे, आमचा शिपाई.
लहानपणी कोलामांच्या पोडावर गुरं राखताना
जेवढी कोलामी त्याच्या कानावर पडली
तेवढीच आमच्या कोर्टाला येते.
मी होय लिहिते.

बावीस: महिलांसाठी स्वच्छतागृह. आहे.
किल्ली स्टेनोच्या ड्रॉवरमध्ये,
स्टेनो सहा महिन्यांपासून वणीला.
तक्ता किल्लीचं विचारत नाही.

एकतीस: निकाली प्रकरणांची टक्केवारी.
इथे आम्ही बरे. मार्चात तर
जिल्ह्याच्या पडद्यावर आमचा चौकोन हिरवा झाला,
साहेबांनी पेढे मागवले.
त्या हिरव्यात एक लेतूबाई आहे.

तेंदूच्या फळीवर मुकादमानं थोबाडीत मारली,
एवढीच फिर्याद.
नऊ तारखा ती आली, साडेतीन कोस,
चपला हातात. फाटकाशी पोचली की पायात घालायची.
दहाव्या तारखेला तीनदा पुकारा झाला:
लताबाई टेकाम हाजिर होऽ
फिर्यादी गैरहजर. आरोपी मुक्त. निकाली, एक.

तिची लताबाई मीच केली होती, टंकताना.
लेतू असंही नाव असतं
हे माझ्या बोटांना पटलं नव्हतं.

संध्याकाळी दादाजी म्हणाला,
"मॅडम, थे बाई तं सकायपासून निंबाखाली बसून हाय.
विचारते, मायं नाव आज काहून नाही आलं?"

निकाली-ला कोलामीत काय म्हणतात, मी विचारलं.
तो बराच वेळ टोपी चुरगळत राहिला.
"संपलं, असं सांगतो."
सांगून परत आला.
"थे म्हणते, कोनाचं?"

तक्त्याच्या शेवटी शेऱ्याची जागा आहे.
मी लिहिलं: लेतूबाई हजर होती.
लाल अक्षरं उमटली: फक्त अंक भरा.

मी एक भरला.
तक्त्यानं तो घेतला.

बाहेर दादाजी किल्ली शोधतोय,
एकेक ड्रॉवर ओढून.
तारीख नसताना ती आज पुन्हा आली आहे,
फाटकाशी वाकून
चपला घालते आहे.